दोन डोळे आणि एक बैल

टीव्हीवर ‘दो आँखें बारह हाथ’ लागला, की शेवटच्या बैलाच्या प्रसंगाला आजोबांचं वाक्य ठरलेलं असायचं. ‘‘ही झुंज खरी आहे बरं का!’’ मी शाळेत होतो. आजोबांच्या थापांपैकी ही एक, असं समजून सोडून द्यायचो. पुढे इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरची नोकरी लागली, सिनेमातल्या करामती कशा करतात याचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आणि माझी खात्रीच पटली. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, त्यातून तोच दिग्दर्शक आणि स्टुडिओचा मालक, तो कशाला बैलापुढे उभा राहील?

पण व्ही. शांताराम उभे राहिले होते. त्या झुंजीत त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ दृष्टीच गेली. गोष्टीतला जेलर आदिनाथ बैलाशी लढताना मरतो, त्याचे दोन डोळे कैद्यांवर पहारा ठेवून मागे उरतात. आणि हे पडद्यावर आणताना जेलर झालेल्या माणसाचेच डोळे पणाला लागले. हे धाडस होतं की नुसता हट्ट? मला हट्टच वाटतो. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि 1925च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झालेल्या या माणसातला नट त्याच्यातल्या दिग्दर्शकापुढे कायम मान तुकवत आला असावा.

त्याआधीचा ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) टेक्निकलरमध्ये होता, तुफान चालला होता. त्यानंतर कृष्णधवल चित्रपट, तोही सहा खुनी कैद्यांचा आणि माळरानावरचा! धंद्याच्या दृष्टीने कुणीही नको म्हटलं असतं.

गोष्ट मात्र हवेतली नव्हती. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायचं, शेती करू द्यायची. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी हा प्रयोग करू दिला. कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची. हे फ्रिडमन पोलंडहून आलेले इंजिनिअर होते, गांधीजींच्या विचारांनी भारलेले. (आमच्या जमातीतलं कुणी इतकं उपयोगी काही करून गेलंय हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) आणि चित्रपटाची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. त्यांचं माडगुळं याच आटपाडी भागातलं. म्हणजे लेखकाला ही जमीन, तिथला दुष्काळ आणि तिथली माणसं घरचीच होती.

चित्रपट 1957 साली आला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. ते सगळं कौतुक ठीकच. मला जास्त भिडतो तो त्यानंतरचा चित्रपट. दृष्टी परत आल्यावर शांतारामबापूंनी काढला ‘नवरंग’ (1959), रंगांनी अक्षरशः ओसंडणारा. काही ठिकाणी तर जरा जास्तच. पण डोळ्यांवरची पट्टी सुटलेल्या माणसाला रंग बेताने वापर, असं कोण सांगणार?

हा ‘नवरंग’ मी मागच्या वर्षी पहिल्यांदा सुरुवातीपासून पाहिला. गोष्ट सुरू होण्याआधी शांतारामबापू स्वतःच पडद्यावर येतात आणि आपल्या डोळ्यांच्या अपघाताबद्दल प्रेक्षकांशी बोलतात. आजोबांना बैलाची गोष्ट बहुधा तिथूनच कळली असणार.