आकडा कुठून येतो?

आई घरून केक आणि नानकटाई करून विकते. गेल्या पावसाळ्यात तिचे लागोपाठ तीन केक मध्ये कच्चे निघाले. तिसरा तर कापलेल्या अवस्थेत परत आला. ‘‘ओव्हन तापत नाहीये रे. दार उघडलं की पूर्वीसारखी झळ येत नाही,’’ आई म्हणाली. मी डिस्प्लेकडे बोट दाखवलं. तिथे 180 दिसत होतं. ‘‘तुझंच काहीतरी प्रमाण चुकलं असेल,’’ मी म्हणालो. आई गप्प बसली आणि पुढच्या दोन ऑर्डरी तिने नाकारल्या.

तेव्हा कुठे मला वाटलं, की हा 180 येतो तरी कुठून ते पाहावं.

ओव्हनच्या मागच्या भिंतीतून स्टीलची एक बारीक नळी आत डोकावते. तिच्या टोकाशी प्लॅटिनम असतं. धातू तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो, हे हम्फ्री डेव्हीने 1821मध्येच दाखवलं होतं. आमच्या ओव्हनमधल्या सेन्सरचा रोध 0 अंशाला 1,000 ओहम असतो आणि 180 अंशांना साधारण 1,685. ओव्हन फक्त हा रोध मोजतो आणि त्यावरून अंश ठरवतो.

या युक्तीचा इतिहास वाचायला घेतला, तर त्यात आमच्या घरातलंच भांडण सापडलं.

विल्यम सीमेन्स हा जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला इंजिनिअर. 1860च्या सुमारास त्याच्यापुढे प्रश्न होता समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलचा. केबलचं भलंमोठं वेटोळं आतून तापतंय का, हे कळणार कसं? पाऱ्याचा थर्मामीटर आत ठेवला तरी वाचणार कोण? त्याने वेटोळ्यात तारेची एक गुंडाळी ठेवली आणि बाहेर बसून तिचा रोध मोजला. पुढे 1871मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे प्लॅटिनमच्या तारेचा थर्मामीटर मांडला. तो भट्टीतही चालेल, असं त्याचं म्हणणं होतं. पारा 357 अंशांनाच उकळतो, त्यामुळे भट्टीवाल्यांना असं काहीतरी हवंच होतं.

पण भट्टीतून काढून गार केल्यावर तारेचा रोध मूळ जागी येईना. ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीच्या 1874च्या अहवालातही तेच निघालं. प्लॅटिनमच्या थर्मामीटरची पत गेली.

ती परत मिळवून दिली ह्यू कॅलेंडरने. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण 1887मध्ये जेमतेम चोवीस वर्षांचा होता, आणि शिकला होता ग्रीक-लॅटिन आणि गणित. सीमेन्सची तार मातीच्या नळकांड्यावर गुंडाळून लोखंडी नळीत बसवलेली असे. उष्णतेत आजूबाजूच्या वस्तूंमधली अशुद्ध द्रव्यं प्लॅटिनममध्ये शिरत. तार शुद्ध असेल, तिच्यावर ताण नसेल आणि तिला स्वच्छ सोबत मिळाली, तर ती तोच आकडा पुन्हापुन्हा देते, हे कॅलेंडरने दाखवून दिलं. 1927मध्ये तापमानाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, तेव्हा उणे 190पासून 660 अंशांपर्यंतचं माप याच प्लॅटिनमवर सोपवलं गेलं.

एवढं वाचल्यावर मी ओव्हनची पिन काढली, मागचं झाकण उघडलं आणि सर्किट बोर्डाकडच्या टोकाला मल्टिमीटर लावला. खोलीत 26 अंश होते, म्हणजे 1,101 ओहम यायला हवे होते. आले 1,210. थंडगार ओव्हन स्वतःला 54 अंश समजत होता.

सेन्सरच बिघडला असं धरून नवा मागवणार होतो, पण कॅलेंडर आठवला. सेन्सर सुटा केला आणि त्याचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवून धरलं. आकडा उतरत उतरत 1,002वर थांबला. सेन्सर अगदी ठणठणीत होता! मग वायरच्या मधल्या कनेक्टरकडे पाहिलं. त्याच्या पिना काळ्याकुट्ट पडल्या होत्या. तो जोडच शंभरएक ओहम पदरचे घालत होता. डिस्प्लेवर 180 दिसायचे तेव्हा आत दीडशेच्या आसपासच असणार. म्हणजे आईने हाताला जाणवलेलं सांगितलं होतं ते खरं होतं.

तो जोड कापून उष्णता सोसणारा नवा कनेक्टर लावला. काम अर्ध्या तासाचं.

सीमेन्सच्या वेळी बोल प्लॅटिनमला लागला, आमच्याकडे आईच्या हाताला. कॅलेंडरने निदान तपासून पाहिलं. मी दिवसभर सर्व्हरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो, पण घरात एकाच आकड्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो. दुसरं माप माझ्यासमोरच उभं होतं आणि झळ येत नाही म्हणून सांगत होतं.

आईने त्या दोन्ही गिऱ्हाइकांना फोन केला. एकीने पुन्हा ऑर्डर दिली. दुसरीने तोवर दुसरीकडून केक घेतला होता. आता ओव्हनच्या जाळीवर एक साधा, वेगळा थर्मामीटर टांगलेला असतो. आई तोही बघते, पण त्याआधी दार किलकिलं करून झळ घेते.