नैनीतालचा पहिला मुक्काम

उत्तरेत बदली होऊन आलेल्या आम्हां महाराष्ट्रीयांस रजेत साततालच्या रानात तंबू ठोकून राहण्याची मोठी हौस. तळ्याकाठची रात्र कोणाच्याच मालकीची नसते, असे तेथे वाटते. शेजारच्या नैनीतालचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

शहाजहानपूरकडील साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ च्या नोव्हेंबरात तेथे उतरला, तेव्हा सहा हजार फुटांवरील त्या तळ्याभोवती दाट अरण्य होते. येणाऱ्यास आसरा राहुटीचाच. पहाडी लोक देवीच्या जत्रेस जमत आणि परत जात. कुमाऊंचा आयुक्त ट्रेल याने हे स्थळ पूर्वीच पाहिले होते. परंतु त्याचे पावित्र्य भंगू नये म्हणून त्याने वाच्यता केली नाही, असे सांगतात. बॅरनने मात्र 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू, या टोपणनावाने वर्णने छापली. यात्रेकरू म्हणवून घ्यावे आणि वसाहत मांडावी, यातील विनोद त्यास कळला नसावा!

१८४२ च्या अखेरीस तो डोंगर चढवून एक होडी घेऊन आला. तळे व भोवतालचे डोंगर आपले, असे म्हणणाऱ्या नरसिंह थोकदारास त्याने होडीत बसवून खोल पाण्यावर नेले; हक्क सोड, नाही तर बुडवतो, असा दम भरला आणि टिपणवहीत लिहून घेतले. ही हकीकत बॅरनने स्वतःच मोठ्या खुशीत प्रसिद्ध केली.

पुढे नरसिंहास त्याच जागेचा पटवारी नेमण्यात आले. या नेमणुकीचा अर्थ आम्हां नोकरदारांस फोड करून सांगावयास नको.