दर्शनी दार आणि परसदार

जुन्या वाड्याला दोन दारें असत. दर्शनी दारानें पाहुणा येई, याचक येई, प्रसंगीं चोरहि डोकावून जाई. परसदार मात्र घरच्या माणसांचें. आज ज्या सर्व्हर-यंत्रांच्या पोटांत बँकांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी आणि आपला पत्रव्यवहार सांठविलेला असतो, त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या लहानशा पेटीलाहि पुष्कळदां अशींच दोन दारें असतात. एकाला ‘पब्लिक’ व दुसऱ्याला ‘प्रायव्हेट’ ईथरनेट पोर्ट म्हणतात. दिसावयास दोन्ही अगदीं सारखीं. मग तीं निराळीं कां? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर शोधतांना संगणकाच्याहि मागें, टेलिफोनच्या काळांत जावें लागतें.

अमेरिकेंतील बेल कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तारांवरून माणसांचें बोलणें आणि यंत्रांना द्यावयाचे हुकूम हीं दोन्ही एकाच वाटेनें जात. तार मोकळी असल्याची खूण म्हणजे २६०० हर्ट्‌झचा एक सूर. या पद्धतीचें वर्णन कंपनीच्याच तांत्रिक नियतकालिकांत १९५४ व १९६० सालीं छापून आलें होतें. जो एंग्रेसिया नांवाच्या एका जन्मांध मुलानें नुसत्या शिटीनें तो सूर काढला, आणि तें अजस्र यंत्र एका पोराचा शब्द मानूं लागलें! पुढें हेच सूर काढणाऱ्या पेट्या निघाल्या व फुकट बोलणाऱ्यांचा एक पंथच उभा राहिला. अखेर १९७६ पासून ए. टी. अँड टी. कंपनीनें हुकुमांसाठीं स्वतंत्र तारा वापरण्यास प्रारंभ केला. जी वाट सर्वांना खुली, तिच्यावरून सत्तेचे हुकूम नेऊं नयेत, हा त्या अनुभवाचा धडा होय.

संगणकांच्या जगाला मात्र तो पुन्हां शिकावा लागला. २२ मे १९७३ रोजीं झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं ज्या टिपणांत ईथरनेटची कल्पना मांडली, तींत सर्व यंत्रें एकाच सामाईक तारेवर होतीं; एकाचें बोलणें सर्वांच्या कानीं पडे. तार एका इमारतीपुरती होती तोंवर हा विश्वास शोभला. इंटरनेटमुळें तिचें टोंक जगाच्या रस्त्यावर आलें. मार्च १९९४ मध्यें १० किंवा १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होणारे कांहीं पत्ते केवळ खासगी वापरासाठीं राखून ठेवण्यांत आले. १९९८ मध्यें इंटेल, डेल, एच. पी. व एन. ई. सी. यांनीं आय. पी. एम. आय. ही पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यामुळें मुख्य यंत्र बंद असलें तरी आंतील एक लहान प्रोसेसर जागा राहतो, आणि त्याच्याकरवीं दूरवरून यंत्र चालूं-बंद करतां येतें.

एवढा अधिकार ज्याच्या हातीं, त्याला चव्हाट्यावर बसविणें धोक्याचेंच. म्हणून मधें ती पेटी आली. व्यवस्थापक पब्लिक दारानें येतो. पेटी त्याची ओळख पटविते, नोंद घेते, आणि मगच त्याचा हुकूम प्रायव्हेट दारानें आंतील यंत्रांकडे पोंचविते. पण एक तार वांचविण्यासाठीं परसदारच रस्त्याकडे उघडणारे कमी नव्हते. जुलै २०१३ मध्यें अमेरिकन सरकारच्या यूएस-सर्ट या संगणक-सुरक्षा पथकाला याविषयीं जाहीर इशारा द्यावा लागला.

याची दुसरी बाजूहि आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आपल्याकडे रात्रीं नऊच्या सुमारास, घरोघरचें व्हॉट्सॲप मुकें झालें. देखभालीच्या एका हुकुमानें फेसबुकचें मूळ जाळेंच तुटलें होतें. आणि त्याच वेळीं दुरुस्तीसाठीं राखलेली निराळी वाटहि बंद पडली. इंजिनियरांना प्रत्यक्ष यंत्रगृहांत जावें लागलें, व तेथील कडेकोट बंदोबस्तामुळें आंत शिरण्यासहि वेळ लागला. सेवा पूर्ववत् होण्यास सुमारें सहा तास गेले.

तेव्हां परसदार परक्याला बंद असलें म्हणजे भागलें असें नव्हे. दर्शनी दार कोसळलें तरी घरच्या माणसाला तें उघडतां आलें पाहिजे. दोन तारांचा खर्च होतो तो या दोन्ही गोष्टींसाठीं.