इंदूरचा खड्डा आणि पुसदचे टाके

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याच्या उकिरड्यात हवा खेळत नसावी, एवढे नक्की. हवा मिळाली तर तीच दैना तीन-चार महिन्यांत फिटते. पण ही हवा आत कशी न्यायची, आणि ती नेताना माणसाची कंबर कशी वाचवायची? गेल्या शंभर वर्षांतला कंपोस्ट खताचा इतिहास मला तरी या प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

असं बघा. काडीकचरा कुजवणारे सूक्ष्म जीव दोन तऱ्हेचे. एकांना हवा लागते. ते झपाट्याने काम करतात, ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेने तणांचे बी, माश्यांच्या अळ्या व बरेचसे रोगजंतू मरतात. दुसऱ्यांना हवा नको असते. त्यांचे काम संथ आणि दुर्गंधीचे. गावाबाहेरच्या उकिरड्याला जो वास येतो, तो या दुसऱ्या मंडळींचा.

१९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था निघाली. जमीन होळकर दरबारची होती आणि संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून हिंदुस्थानात होते, आणि आपण येथल्या शेतकऱ्यांकडून शिकलो असे मोकळेपणाने सांगत. त्यांचे सहकारी यशवंत वाड. शेतीतल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्यावरचे प्रसिद्ध पुस्तक १९३१ साली निघाले, ते या दोघांच्या नावावर आहे. पुढे जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले आणि वाड विसरले. शिक्षक बंधूंनी हा धडा घेताना दुसरे नावही फळ्यावर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

इंदूरचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल. पऱ्हाट्या व तुराट्या सहजी कुजत नाहीत, म्हणून त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग त्यांचे गुरांखाली अंथरूण होई. शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्यासह थर लागत, आणि तीन वेळा सारे उलथेपालथे केले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. चीनमधले शेतकरी शतकानुशतके असेच खत करीत आले होते. किंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९११ साली निघाले होते, आणि हॉवर्ड त्याचे ऋण मानत.

मग हे खत घरोघर का झाले नाही? शेतकरी आळशी, असे उत्तर मी अनेक सभांतून ऐकले आहे. मला ते पटत नाही. ३० फूट लांबीचा खड्डा तीन वेळा उपसायचा, म्हणजे ओल्या मालाची गाड्यान् गाड्या उलथापालथ. संस्थेकडे मजूर होते. ज्याच्या घरी दोन बैल, चार एकर कोरडवाहू आणि कामाला दोन माणसे, त्याने काय करावे? शिवाय निम्मे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचे!

ही उलथापालथ टाळण्याचा एक मार्ग बंगळूरला निघाला. १९३९ च्या सुमारास तेथे आचार्य या शास्त्रज्ञांनी शहराचा कचरा आणि मैला चरांत थराथराने भरून, वर मातीने लिंपून ठेवण्याची रीत बसवली. उपसणे टळले. पण हवा कोंडली, आणि खताला जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला. आणि मैला वाहून आणणारे हात तेच राहिले, हेही विसरता येत नाही.

तिकडे युरोपात यंत्रे आली. इटलीत फ्लॉरेन्सच्या बेकारी यांनी १९२० नंतरच्या काळात कचऱ्यासाठी बंद कोठी बांधली. ती आधी मिटवून ठेवायची आणि नंतर झरोके उघडून वारा द्यायचा. डेन्मार्कात १९३० नंतर ‘डॅनो’चे सावकाश फिरणारे लांबलचक पिंप निघाले. आत हवा सोडायची, पिंप फिरत राहायचे आणि माल काही दिवसांतच अर्धाकच्चा कुजून बाहेर यायचा. १९७० नंतर आपल्याही काही शहरांत यांत्रिक कारखाने उभे राहिले. पण काच, माती, चिंध्या यांसकट आलेला न निवडलेला कचरा आणि चालवण्याचा खर्च यांनी त्यांतले बरेच बंद पाडले.

म्हणून मला यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे मोठे वाटतात. त्यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून झाले ‘नाडेप’. जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचे टाके. विटांच्या दर दोन थरांनंतर तिसऱ्या थरात ७ इंचांची छिद्रे ठेवायची. बस्स, हीच त्यांची फिरती पिंपे आणि हाच त्यांचा पंखा! आत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि १,७५० किलो चाळलेली माती. शेण मात्र अवघे ९० ते १०० किलो, तेही पाण्यात कालवून. सारे एक-दोन दिवसांत भरायचे, वरून शेणमातीने लिंपायचे, ओल राखायची. एकदाही उपसायचे नाही. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत.

आमच्या गावी एका योजनेतून असे टाके झाले. गवंडी हौशी. भिंतीला भोके बरी दिसत नाहीत, साप शिरेल, म्हणून त्याने ती सगळी सिमेंटने सुबक बुजवून दिली. चार महिन्यांनी उघडले तर मधोमध काळा, घाण मारणारा चिखल! ‘नाडेपमध्ये काही अर्थ नाही’ असे सगळे म्हणू लागले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या काकांनी पहार आणून एकेक छिद्र मोकळे केले. अर्धा दिवस गेला. अक्षय्य तृतीयेला टाके पुन्हा भरले. पोळ्याच्या सुमारास उघडले तेव्हा त्यांनी एक मूठ खत माझ्या नाकाशी धरली. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता.