वतन

हिंदी-उर्दूत ‘वतन’ म्हटले की देश आठवतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थही राहण्याचे ठिकाण, मायभूमी असाच. मराठीने मात्र त्याला गावच्या चावडीत आणून बसवले. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे वंशपरंपरागत काम, त्याबद्दलची जमीन, हक्क आणि मानपान, हे सगळे मिळून वतन. हा अर्थबदल मला फार बोलका वाटतो: ज्याचा गावात हक्क, त्याचेच गाव. वतन बापाकडून मुलांकडे जाई, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. होळीला पहिली पोळी कोणाची, यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडले, कारण तो मान म्हणजेच मालकीचा पुरावा होता.

पण याच शब्दाखाली महारवतनही होते. तुटपुंज्या इनामाच्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस राबणूक, तीही पिढीजात. नाव वतनाचे, जिणे वेठीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा आला १९५८ साली. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.