बाँडचं हक्कसोडपत्र

2006 साली जेम्स बाँड नव्याने सुरू झाला, त्याचं श्रेय सगळे डॅनिअल क्रेगला देतात. क्रेग मलाही मनापासून आवडतो. पण माझी उभी हयात दिवाणी दाव्यांत गेली, त्यामुळे त्या सिनेमाच्या मागे मला आधी खरेदीखतं दिसतात. बाँडची पाटी कोरी करायला त्याची पहिली गोष्ट हवी होती, आणि ती गोष्ट निर्मात्यांच्या नावावरच नव्हती.

इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी 'कसिनो रॉयल' 1953 साली आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सीबीएसने 1000 डॉलर देऊन तिच्यावर तासाभराचं टीव्ही नाटक केलं. त्यातला बाँड अमेरिकन होता! 1955 मध्ये फ्लेमिंगने तिचे सिनेमाचे हक्क ग्रेगरी रॅटॉफला 6000 डॉलरला विकले. 1960 मध्ये रॅटॉफ वारला आणि त्याच्या पत्नीकडून ते चार्ल्स फेल्डमनकडे गेले. निर्माते साल्ट्झमन आणि ब्रोकोली यांनी 1961 साली ईऑन कंपनी काढली आणि 'डॉ. नो'पासून मालिका सुरू केली, तेव्हा सातबाऱ्यावर नेमका पहिला गट दुसऱ्याच्या नावाने लागलेला होता. फेल्डमनने 1967 मध्ये डेव्हिड निव्हन, पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स अशी मंडळी गोळा करून त्या कादंबरीचं विडंबन काढलं. तो सिनेमा मी पाहिला आहे. इतकी सशक्त गोष्ट इतकी वाया घालवलेली पाहून वाईट वाटतं.

ईऑनच्या मालिकेत पुढे बाँडमध्ये बदल होत होते, पण ते वरवरचे. नट बदलायचा, गाडी बदलायची, बाँडचा भूतकाळ तसाच. खरी अडचण 1989 नंतर आली. हक्कांच्या भांडणात सहा वर्षं सिनेमाच निघाला नाही आणि त्या काळात सोव्हिएत संघच नाहीसा झाला. 1995 च्या 'गोल्डनआय'ने हा प्रश्न टाळला नाही. ज्युडी डेंच पहिल्यांदाच बाँडची वरिष्ठ 'एम' झाली आणि बाँडला तोंडावर सांगू लागली की तू शीतयुद्धातून उरलेला माणूस आहेस. तरी तो माणूस जुनाच होता. 2002 च्या 'डाय अनदर डे'त तर त्याची गाडी अदृश्य झाली. त्याच वर्षी 'द बोर्न आयडेंटिटी' आला. त्यातला हेर ठोसा खाल्ला की खरोखर धडपडत होता.

मधल्या काळात कोर्टात निकाल नव्हे, तडजोड झाली होती. फेल्डमनच्या सिनेमामुळे 'कसिनो रॉयल'चे हक्क कोलंबियाकडे होते. सोनीने 1989 मध्ये ती कंपनी विकत घेतली होती आणि नव्वदच्या दशकात स्वतःचा वेगळा बाँड काढायची घोषणाही केली होती. ईऑनचे बाँडपट वितरित करणाऱ्या एमजीएमने दावा लावला. 1999 मध्ये सोनीने बाँडवरचा दावा सोडला, 'कसिनो रॉयल'चे हक्क एमजीएमला दिले आणि एमजीएमने स्पायडरमॅनवरचा आपला दावा सोडला. 6000 डॉलरला गेलेली कादंबरी 44 वर्षांनी अशी घरी आली. यापेक्षा मोलाची हक्कसोड माझ्या माहितीत नाही.

2006 च्या 'कसिनो रॉयल'चा दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल होता, 'गोल्डनआय'चाच. गोष्टीतला फ्रान्समधला जुगारअड्डा मॉन्टेनेग्रोला गेला, बॅकरॅटच्या जागी टेक्सास होल्डेम पोकर आला आणि सोव्हिएत हस्तकाच्या जागी अतिरेक्यांचे पैसे सांभाळणारा सावकार. मालिकेतला नेहमीचा क्यू नाही, मनीपेनी नाही. पण मला सगळ्यात मोठा बदल दिसतो तो शॉवरखालच्या प्रसंगात. जिन्यात दोन माणसं मारून झाल्यावर बाँड खोलीत येतो, तर नायिका व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली फरशीवर बसून थरथरत असते. तोही तसाच, शर्ट भिजवत, तिच्याशेजारी बसतो. हातावरचं रक्त जात नाही असं तिला वाटतंय, म्हणून तिची बोटं तोंडाशी नेतो. मग पाणी जरा गरम करतो. चाळीस वर्षं बाँडने मारलेल्या माणसांचं ओझं कुणी तरी वाहतंय, हे त्या मालिकेत मला इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. ज्या क्रेगच्या सोनेरी केसांवरून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी वर्षभर टिंगल केली, त्यानेच हा प्रसंग पेलला.

आता पुन्हा नवा डाव मांडला जातोय. 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड मेला. 2025 मध्ये ब्रोकोली कुटुंबाने सर्जनशील ताबा अॅमेझॉनकडे दिला आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिल्नव्हचं नाव जाहीर झालं. राखून ठेवलेली पहिली कादंबरी यावेळी नाही. 1955 ची 'मूनरेकर' मात्र आहे. 1979 च्या सिनेमाने नाव घेतलं आणि बाँडला अंतराळात पाठवलं. पुस्तकात तो इंग्लंडबाहेर पाऊलही टाकत नाही, क्लबात पत्त्यांची लबाडी पकडतो आणि शेवटी नायिका दुसऱ्याशीच लग्न ठरवून निघून जाते. व्हिल्नव्हने ती जशीच्या तशी करावी.

आणि ती मराठीतही यावी. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. फ्लेमिंग 1964 मध्ये वारला. म्हणजे 1 जानेवारी 2025 पासून भारतात त्याने हयातीत प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्या खुल्या आहेत. सिनेमातलं संगीत, बोधचिन्हं, पडद्यावर घडलेलं काहीही उचलता येणार नाही, पण पुस्तकाच्या भाषांतराला कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्या प्रकाशकाने मनावर घेतलं, तर कागदपत्रं मी फुकट तपासून देईन.