पाली भाषा : शिकणारे आणि वापरणारे (विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

प्रस्तावना

डॉ. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे एस्पेरांतो या नव्याने रचलेल्या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली आणि म्हणूनच सर्वांना समान असणारी भाषा, ही त्यामागील भूमिका होती. तेव्हापासून तिच्याविषयी एक प्रश्न सातत्याने विचारला जातो : ही भाषा शिकते कोण, आणि शिकल्यानंतर ती खरोखर वापरते कोण? वर्ध्याजवळील पवनार येथे आश्रम असलेले आचार्य विनोबा भावे यांनीही एस्पेरांतोचा अभ्यास केला होता. परंतु भंडारा जिल्ह्यापुरता हा प्रश्न उपस्थित करावयाचा झाल्यास तो पाली भाषेविषयी करणे अधिक सार्थ ठरते. पालीही आज कोणाची मातृभाषा नाही. तीही जाणीवपूर्वक स्वीकारावी लागते आणि तीही श्रीलंका, म्यानमार, थायलंड अशा भिन्न भाषिक देशांना जोडते. प्रस्तुत लेखात या भाषेचे शिकणारे व वापरणारे यांच्यातील अंतराचा विचार केला आहे.

पाली अध्ययनाची पार्श्वभूमी

आधुनिक महाराष्ट्रात पालीचे अध्ययन प्रथम विद्वत्तेच्या वर्तुळात सुरू झाले. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) बौद्ध धर्माच्या ओढीने श्रीलंकेत गेले, तेथे पाली शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकविली. त्यांच्या शिष्यपरंपरेतून पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक पुढे आले. हे अध्ययन मोलाचे होते, पण ज्या समाजाने पुढे पालीला आपली मानले तो समाज तेव्हा या वर्गांत जवळजवळ नव्हता.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शालेय जीवनातील अनुभव लक्षात घ्यावा लागतो. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्यतेमुळे त्यांना ती शाळेत शिकू दिली गेली नाही आणि फारसी घ्यावी लागली. नाकारल्या गेलेल्या एका प्राचीन भाषेच्या या पार्श्वभूमीवर, आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पालीचा शब्दकोश व व्याकरण यांवर घेतलेले परिश्रम केवळ पांडित्याचा भाग मानता येत नाहीत. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रकाशित केले. म्हणजे ज्यांच्यासाठी ते सिद्ध झाले, त्यांच्या हाती ते चार दशकांनंतर आले. हा विलंब कमी महत्त्वाचा नाही.

विहारातील पाली

१९५४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भंडारा येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि त्यात त्यांचा पराभव झाला. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या दिवशीची भाषाविभागणी अर्थपूर्ण आहे. महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील पालीत दिले, तर बाबासाहेबांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा मराठीतून दिल्या. जे समजून-उमजून सोडावयाचे व स्वीकारावयाचे होते ते मराठीत, आणि ज्याने जगभरच्या बौद्धांशी नाते जोडावयाचे होते ते पालीत, असा या विभागणीचा अर्थ लावता येतो.

हीच विभागणी आजही खेड्यापाड्यांतील विहारांत दिसून येते. त्रिशरण-पंचशील, महामंगलसुत्त, जयमंगल अष्टगाथा यांचे पठण वंदनेत, विवाहप्रसंगी व अन्य संस्कारांत होते. पठण करणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांनी पालीचे व्याकरण कधी उघडलेले नसते. एक भाषिक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. जिल्ह्यातील झाडीबोलीत ‘श’ व ‘ष’ यांच्या जागी ‘स’ येतो आणि पालीतही या तिन्हींपैकी ‘स’ एवढाच आहे. त्यामुळे पुस्तकी मराठीतील ‘शरण’पेक्षा पालीतील ‘सरण’ या भागातील जिभेला अधिक जवळचे आहे.

एस्पेरांतोच्या बाबतीत ‘शिकले, पण वापरले नाही’ ही तक्रार असते. पालीच्या बाबतीत न शिकता वापरणारे संख्येने अधिक आहेत. या वापराला केवळ पाठांतर म्हणून दुय्यम लेखणे योग्य नाही. ज्या गाथेशिवाय विवाह पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही, तिची भाषा निरुपयोगी कशी म्हणावी?

गुणपत्रिका आणि पवनी

शिकणाऱ्यांची बाजू मात्र वेगळी आहे. उच्च माध्यमिक व पदवी स्तरावर पाली हा ‘गुण देणारा विषय’ म्हणून निवडला जातो, असे सर्रास बोलले जाते. यात तथ्य आहे, परंतु गुणांसाठी विषय निवडणे हा केवळ पालीच्या विद्यार्थ्यांचा दोष नव्हे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील पाली साहित्य हा ऐच्छिक विषय २०१३ मध्ये वगळण्यात आला, तेव्हा स्पर्धा परीक्षेसाठी पाली घेण्याचे एक सबळ कारण संपले. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जामुळे अनुदान व अध्यासने येऊ शकतील, वाचक आपोआप येणार नाहीत.

वाचक घडण्याची जागा जिल्ह्यातच आहे. वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख उजेडात आले. यांतील एका शिल्पांकित स्तंभावर नागराज मुचलिंदाचे नाव कोरलेले आहे. बुद्धत्वप्राप्तीनंतरच्या वादळी पावसात बुद्धावर फणा धरणाऱ्या या नागाची कथा विनयपिटकाच्या महावग्गात येते. पालीचा विद्यार्थी ही कथा पाठ्यपुस्तकात वाचू शकतो, पण आपल्याच जिल्ह्यातील शिळेवरचे तेच नाव त्याला बहुधा वाचता येत नाही. भाषा परकी नाही, पवनीची प्राकृत पालीला अतिशय निकट आहे. अडसर लिपीचा आहे. पालीच्या अभ्यासक्रमाला ब्राह्मीच्या काही तासिकांची व पवनीच्या एका अभ्यासभेटीची जोड दिल्यास तो दूर होऊ शकतो.

पवनीच्या लेखांत दानलेखही आहेत. दात्याचे वा दात्रीचे नाव आणि पुढे ‘दान’ हा शब्द, असे त्यांचे साधे रूप असते. आजच्या विहारांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे याच पद्धतीने कोरलेली आढळतात, फक्त त्या पाट्या मराठीत असतात.